सहा जणींची शपथ

एमियस हॉब्स टॉमसिनच्या छपरावरून पडला तेव्हा मी माझ्या परसात कोबी काढत होते. आधी शिडी घसरल्याचा आवाज आला, मग पेंढ्याची एक पेंडी खाली आली आणि तिच्यामागून माणूस. मी विळा तिथंच टाकून धावले. टॉमसिन माझ्या आधी पोचली होती. एमियसचा डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता आणि तो दात आवळून शिव्या देत होता, शिडीला, पावसाला आणि जगात ज्यानं पहिलं छप्पर घातलं त्याला.

"विल्मट, गोठ्याचं दार काढून आण," टॉमसिन म्हणाली. "त्यावर घालून आत नेऊ."

"आत? तुझ्या घरात?"

"नाही, तुझ्या कोबीत. आण लवकर!"

तेव्हा हिवाळा सरत आला होता. एमियस पाणथळीपलीकडच्या मीअरहॅम गावचा. छपरं शाकारण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. पण त्या दिवसांत दोन गावांमधली सगळी सखल जमीन पाण्याखाली असते. होडीत घालून न्यावं तर बसवलेलं हाड पुन्हा सरकेल, असं हाड बसवणाऱ्यानं बजावलं. मग तो टॉमसिनच्या चुलीशेजारी पेंढ्याच्या गादीवर पडून राहिला, पाणी उतरेपर्यंत. ईस्टर होऊन गेलं तरी तो तिथंच. मी सकाळ-संध्याकाळ जायची, त्याला उठवून बसवायला टॉमसिनला मदत करायची. जवाची पेज, चीज, कधी खारवलेल्या मांसाचा तुकडा. तो लाजायचा बिचारा. म्हणायचा, "बाई, बरा झालो की सगळं छप्पर फुकट करून देईन."

"अर्धं झालंय, अर्धंच राहिलंय," टॉमसिन म्हणायची. "आणि या वेळी शिडीला दोर बांधा."

टॉमसिन यांडल आमच्या विदीकोटमधली विधवा. नवरा गिल्बर्ट तापानं गेला, मूल जगलं नाही. मागे राहिलं ते घर, सफरचंदांची बाग आणि नदीकाठचं कुरण. त्या कुरणावर दोनदा गवत कापलं जायचं, गावात दुसऱ्या कुणाच्याही कुरणावर एकदाच. आमच्या जहागिरीची रीत जुनी आहे. नवरा गेला की त्याची जमीन बायकोनं मरेपर्यंत कसावी, पण दोन अटींवर. दुसरं लग्न करायचं नाही आणि वागणं चोख ठेवायचं. एक अट मोडली की जमीन गेली. आणि टॉमसिननंतर ती कुणाला मिळणार हेही ठरून गेलेलं होतं. बार्नबी स्टकीनं जहागीरदारांच्या कचेरीत आपलं नाव आधीच लावून ठेवलं होतं.

स्टकी वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. घाई झालेला माणूस होता. त्याचं शेत तिच्या कुरणाला लागून, गुरं वाढलेली, चारा अपुरा. आणि टॉमसिन अजून चाळिशीलाही न टेकलेली, पहाटे दूध काढताना मोठ्यानं गाणारी, चीजचा गोळा एका हातानं उचलणारी. अशा बाईच्या मरणाची वाट बघायची म्हणजे आपणच आधी म्हातारं व्हायचं.

त्यात त्या वर्षी तो चर्चचा वॉर्डन होता. गावात कोण प्रार्थनेला येत नाही, कोण रविवारी नांगर धरतो, कोण कुणाबरोबर नको तसं राहतं, हे आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या मोठ्या धर्मगुरूच्या, कचेरीला कळवायचं काम वॉर्डनचं. आम्ही त्या कचेरीला 'चावट कचेरी' म्हणतो. चोरी-मारामारीचे खटले दुसरीकडे जातात. इथं बहुतेक अंथरुणाचाच निवाडा.

आधी स्टकी गुत्त्यात बोलला. माझा नवरा जेफ्री तिथं होता. स्टकी म्हणाला, "यांडलणीनं छपराबरोबर शाकारणाराही ठेवून घेतला की!" लोक हसले. हसणाऱ्यांना सायडर, सफरचंदाची दारू, तोच पाजत होता. मग त्यानं टॉमसिनला एक शब्द वापरला. तो मी इथं सांगत नाही, तुम्हाला कळला असेल. हसणं थांबलं, पण उठून कुणी काही बोललं नाही. जेफ्रीही नाही. स्टकीच्या शेतावर गावातली निम्मी माणसं कापणीला जायची.

मग एके दिवशी आर्चडीकनच्या कचेरीचा माणूस घोड्यावरून आला. टॉमसिन चीजचं दही कापडात बांधत होती, हात कोपरापर्यंत पांढरे. मी कापड धरून उभी.

"टॉमसिन यांडल तूच?" तो म्हणाला. "शाकारणारा एमियस हॉब्स याच्याबरोबर व्यभिचार केल्याची गावात बोलवा आहे. कचेरीत हजर हो."

"गावात म्हणजे कुणाच्या तोंडात?"

"बोलवा म्हणजे बोलवा. तिला तोंड नसतं."

"जीभ मात्र बरीच लांब दिसते," टॉमसिन म्हणाली. "येईन. आता बाजूला व्हा, उजेड अडतोय."

तो गेल्यावर तिनं कापडाची गाठ मारली, खुंटीला टांगली, हात धुतले. मग बाकावर बसली आणि मला म्हणाली, "विल्मट, तो माझी अब्रू घ्यायला आलेला नाही. अब्रूशी त्याला काय करायचंय? त्याला कुरण हवंय."

एमियस तोवर कुबड्या घेऊन मीअरहॅमला परत गेला होता. त्यालाही बोलावणं गेलं. दुसऱ्याच दिवशी तो होडीतून, मग चिखलातून, घामाघूम होत आला. दारातच टोपी काढून उभा राहिला.

"बाई, माझ्यामुळे झालं. माझं नाव घ्या. म्हणजे... आपण लग्न करू. लग्न केलं तर कोण काय बोलणार?"

"एमियस, आत या, बसा. पाय लांब करा." तिनं त्याला सायडर दिली. "आता नीट ऐका. लग्न केलं तरी कुरण जातं. पापी ठरले तरी कुरण जातं. दोन्हीकडून स्टकीचंच भलं. शिवाय आता लग्न केलं तर लोक म्हणतील, बघा, होतंच काहीतरी. खोटं पांघरून मी चर्चमध्ये पाऊल टाकायची नाही."

"मग करणार काय?"

"खरं सांगणार."

"आणि कुणी ऐकलं नाही तर?"

"तर पुन्हा सांगणार."

एमियसनं आपल्या गावात आपली बाजू निभावली. त्याच्यासाठी शपथ घ्यायला मीअरहॅमचे शाकारणारे एकजुटीनं उभे राहिले, तो सुटला. पुरुषाचं असं लवकर उरकतं. टॉमसिनचं तसं नव्हतं.

बाजारगावच्या मोठ्या चर्चच्या एका कोपऱ्यात ती कचेरी भरते. टेबलामागे न्यायाधीश, शेजारी कारकून, समोर रांग. आमच्या आधी एक जोडपं होतं, लग्नाआधी पोर झालेलं. त्यांना शिक्षा झाली. रविवारी भर प्रार्थनेत अंगाला पांढरी चादर गुंडाळून, अनवाणी, हातात पांढरी काठी धरून उभं राहायचं आणि आपल्याच तोंडानं सगळ्या गावापुढे पाप कबूल करायचं. पोरगी रडत होती. टॉमसिननं तिच्याकडे पाहिलं आणि आपली टोपी नीट केली.

"आरोप कबूल?" न्यायाधीशांनी विचारलं. त्यांना सर्दी झाली होती.

"नाही, महाराज. तो माणूस माझ्या चुलीपाशी होता. मी गोठ्यावरच्या माळ्यावर निजत होते."

"बोलायला काय, कुणीही बोलेल. पाहिलंय कुणी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दिवसा जायची, रात्रीचं मी तरी कुठं पाहिलं होतं?

"तुझ्याच गावच्या, चांगल्या नावाच्या सहा बायका घेऊन ये," न्यायाधीश नाक पुसत म्हणाले. "तू शपथ घे, आणि तुझी शपथ खरी आहे अशी शपथ त्यांनी घ्यावी. पुढच्या बैठकीला. नाही आणल्यास तर गुन्हा केला असं धरलं जाईल."

बाहेर पायऱ्यांवर स्टकी उभा होता. आवाजात अगदी मध. "टॉमसिनबाई, सहा म्हणजे जरा जास्तच झाल्या नाही? तीन तरी मिळतायत का बघा."

"बघते. आणि मालक, तुम्हीही बघा. पुढच्या वेळी याल तेव्हा बसायला जागा धरून ठेवा, वेळ लागेल."

पहिली मी. जेफ्रीशी घरात जोरदार भांडण झालं. "कापणीला बोलावणार नाही तो मला," जेफ्री म्हणाला. "पोरांना काय शपथ खायला घालणार?"

"गुत्त्यात तू काय ऐकलंस ते मला सांगितलंस ना? का सांगितलंस?"

"असंच. बोचत होतं."

"मग ते बोचणं घेऊन कापणीला जा," मी म्हणाले. तो कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला. संध्याकाळी सरपण फोडून दाराशी रचलं, माझ्या वाट्याचंही. तेवढ्यावरून मी समजले.

मग टॉमसिन दारोदार फिरायला लागली. तिची एक गोष्ट मला अजून आठवते. ती कुणापुढे रडली नाही. आपल्या मेलेल्या नवऱ्याची आण घातली नाही. दारात उभी राहायची आणि म्हणायची, "मी खोटी आहे असं तुला वाटत असेल तर येऊ नकोस. खरी वाटत असेन आणि भीती वाटत असेल, तर तसं सांग. म्हणजे मी वेळ घालवणार नाही." असं कुणी बोललं की समोरच्याला पळवाट उरत नाही. गिरणीवाल्याची बायको हो म्हणाली, तिच्या गिरणीशिवाय स्टकीचं पीठ कोण दळणार होतं? विणकराच्या दोघी मुली हो म्हणाल्या, त्यांना गिल्बर्टनं लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली होती. पाद्रीबाबांच्या घरची स्वयंपाकीण हो म्हणाली. लोहाराची बायको आधी हो म्हणाली.

स्टकीही बसून नव्हता. त्यानं कुणाला धमकी दिली नाही. फक्त भेटेल त्याला म्हणायचा, "यंदा कापणीला माणसं जरा कमीच घ्यावी म्हणतो." एवढं पुरत होतं.

बैठकीचा दिवस तोंडावर आला तशी लोहाराची बायको पाठीमागच्या बोळातून आली. एप्रनचं टोक पिळत होती. "टॉमसिन, मला जमायचं नाही. तू खरी आहेस. पण धाकटा आजारी आहे आणि स्टकीच्या घोड्यांचे नाल..."

"जा," टॉमसिन म्हणाली. "पोराला मध दे, खोकला उतरेल. घरात आहे का? थांब, देते."

मधाचं भांडं घेऊन ती रडत गेली. मी मात्र चिडले. "मध कसला देतेस! आता पाचच उरलो. गावात विचारायची कोण राहिली?"

टॉमसिननं कुंपणाकडे पाहिलं. कुंपणापलीकडे एमट क्रॉसचं घर.

"वेडी आहेस का?" मी म्हणाले.

एमट क्रॉस गावची सुईण. माझी पोरं तिच्याच हातावर आली. केस पांढरेशुभ्र, नजर ससाण्याची, जिभेला हाड नाही. तिच्यात आणि टॉमसिनमध्ये विस्तव जात नव्हता. टॉमसिनच्या डुकरिणीनं एकदा कुंपण फोडून एमटचा घेवड्याचा वाफा उकरून टाकला होता. एमटनं तिला जहागीरदारांच्या कचेरीत खेचलं, डुकराच्या नाकात उकरू न देणारी कडी नाही म्हणून. टॉमसिन म्हणाली कुंपण तुमचं, ते का कुजू दिलंत? तेव्हापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. चर्चमध्येसुद्धा एकीनं आमेन म्हटलं की दुसरी खोकायची.

"चल," टॉमसिन म्हणाली.

एमट दारात बसून कोंबडी सोलत होती. वर न बघता म्हणाली, "आलीस? डुक्कर मेलं वाटतं?"

"डुकरीण ठणठणीत आहे, एमटआजी."

"मग चांगली बातमी नाहीच म्हणायची. काय हवंय?"

"तुम्हाला मी आवडत नाही."

"डोळ्यांसमोर नको होतेस."

"आवडते अशी शपथ मागायला आलेले नाही. एवढंच विचारते. तुमची ती खिडकी माझ्या अंगणाकडे उघडते. हिवाळाभर तुम्ही तिथं बसून असता. तुम्हाला काय दिसलं?"

एमटनं मूठभर पिसं उपटली. पिसं उडून टॉमसिनच्या झग्यावर बसली, ती झटकायला टॉमसिन हलली नाही.

"दिसलं ते सांगू?" एमट म्हणाली. "ही विल्मट दोन वेळा यायची आणि जाताना दर वेळी तुझं काहीतरी चघळत जायची. आणि अंधार पडला की तू कंदील घेऊन गोठ्यावरच्या माळ्यावर चढायचीस आणि शिडी वर ओढून घ्यायचीस. तसल्या गारठ्यात! मी म्हटलं, ही आता थंडीनं मरते. म्हटलं, बरं होईल. नाही मेलीस."

मी पुढं झाले. "आजी, हे तुम्हाला एवढं माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कुणी? आणि हिचं भलं मी आपणहून का सांगत फिरू?"

"आता मी विचारते," टॉमसिन म्हणाली. "कचेरीत येऊन सांगाल?"

एमटनं कोंबडी मांडीवर ठेवली. "डुकराच्या नाकात कडी घालशील?"

हो म्हण, हो म्हण, असं मी मनात ओरडत होते. टॉमसिननं मान हलवली.

"आत्ता नाही घालणार. शपथेआधी घातली तर ती लाच होईल, आणि स्टकी उभं राहून तेच म्हणेल. शपथेनंतर बघू."

"बघू?"

"बघू."

एमट तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. पुढचे दात नसलेलं ते हसणं मी तिच्या तोंडावर बाळ जन्मल्यावरच पाहिलं होतं. "हो म्हणाली असतीस तर हाकलून दिलं असतं तुला. येते मी. स्टकी माझं काय करणार? त्याची सगळी पोरं मी काढलीत आणि त्याच्या बायकोला पुन्हा दिवस गेलेत. पण तुझ्याबरोबर चालणार नाही हं. तुम्ही पुढं व्हा."

आणि खरंच, बाजारगावापर्यंत आम्ही पुढं आणि एमट मागून, एकटी, काठी आपटत. विणकराच्या मुली थांबल्या तर ओरडायची, "चला गं, मी तुमच्यातली नाही!"

कचेरीत गर्दी होती. आमच्या गावचे बरेच जण तमाशा बघायला आले होते. जेफ्रीही आला होता, मागे खांबाला टेकून. कारकुनानं नावं पुकारली. पाच झाल्यावर स्टकी गालात हसत होता. "एमट क्रॉस," कारकून म्हणाला आणि ते हसू जागच्या जागी थिजलं.

पण तो लगेच सावरला. पुढं येऊन म्हणाला, "महाराज, या सगळ्या तिच्या मैत्रिणी. मैत्रिणी काय, शपथ घेणारच."

"मैत्रीण?" एमट एवढ्यानं ओरडली की लेखणी कारकुनाच्या हातून पडली. "हिची? मी? महाराज, या बाईला मी स्वतः कचेरीत खेचलेलं आहे. हिचा आवाज ऐकला तरी माझं दूध नासतं. वर्षानुवर्षं खिडकीत बसून वाट बघतेय मी, ही कधी चुकते म्हणून. चुकली असती तर या स्टकीच्या आधी मी आले असते तुमच्याकडे, धावत!"

लोक हसायला लागले. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला, पण तेही जरा सरसावून बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच जागे झाल्यासारखे.

"म्हातारी बाई आहे, महाराज," स्टकी म्हणाला. "नजर ती काय असणार? रात्रीचं काय दिसणार हिला?"

"दिसतं का तुला लांबचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

एमटनं डोळे बारीक केले. "तुमच्या गळपट्टीवर अंडं सांडलंय, महाराज. डावीकडं."

कारकुनानं तोंड वळवलं. न्यायाधीशांनी गळपट्टी बघितली, खरवडली आणि म्हणाले, "सांग, काय पाहिलंस?"

तिनं सांगितलं. माळा, कंदील, वर ओढलेली शिडी. गारठ्यानं कडक झालेल्या रात्री आणि पहाटे अंगाला गवत लागलेलं असताना खाली उतरणारी टॉमसिन. "ज्याला पाप करायचंय तो ऊब सोडून गोठ्यावर कशाला जाईल?" ती म्हणाली. "पाप करणारे एवढे मूर्ख नसतात. मी सुईण आहे, मला विचारा."

मग टॉमसिननं पुस्तकावर हात ठेवला. तिचा आवाज दूध काढताना असायचा तसाच होता, स्वच्छ. तिच्यामागून आम्ही एकेक जणी. मी माझी शपथ घाईघाईत उरकली, खोटं बोलत होते म्हणून नाही, एवढ्या लोकांपुढे कधी बोलले नव्हते म्हणून. शेवटी एमट. "हिची शपथ खरी आहे असं मी मानते," ती म्हणाली, "आणि मला त्याचा आनंद नाही."

"मुक्त," न्यायाधीश म्हणाले. "पुढचे."

एवढंच. एवढ्या एका शब्दासाठी सगळी पायपीट. बाहेर आल्यावर जेफ्रीनं टॉमसिनपुढे टोपी काढली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. मला वाटलं, संपलं. टॉमसिन पायऱ्या उतरली, थोडी पुढं गेली, आणि परत वळली.

"काय राहिलं?" मी विचारलं.

"तो शब्द."

"कुठला शब्द?"

"गुत्त्यातला. जेफ्रीदादा, तुम्ही ऐकला होतात ना? कारकुनापुढे सांगाल?"

मी तिचा दंड धरला. "टॉमसिन, झालं ना आता. जमीन राहिली, नाव राहिलं. सोड."

"मी निर्दोष आहे हे या गावानं ऐकलं, विल्मट. तो शब्द आपल्या गावानं ऐकलाय. ज्या कानांनी ऐकला त्याच कानांनी तो परत घेतलेला ऐकायला हवा."

जेफ्री माझ्याकडे बघत होता. मी टॉमसिनचा दंड सोडला. शेवटी तो आपणहून पायऱ्या चढून गेला.

बदनामीचा तो दावा उन्हाळाभर चालला. त्या वर्षी जेफ्रीला कापणीला स्टकीनं बोलावलं नाही. गिरणीवाल्यानं त्याला पोती वाहायला घेतलं आणि टॉमसिनच्या कुरणावरचं दुसरं गवत आम्हीच कापलं. कसेबसे निभावलो. मधे स्टकीच्या माणसानं जहागीरदारांच्या कचेरीतही विषय काढून पाहिला. तिथल्या दिवाणजींनी विचारलं, "चर्चच्या कचेरीनं तिला सोडलंय ना? मग आमचा वेळ का घेता?" आणि तो विषय तिथंच मिटला.

पानगळ सुरू झाली तेव्हा एका रविवारी, प्रार्थना संपल्यावर, पाद्रीबाबांनी लोकांना थांबायला सांगितलं. स्टकी पुढं येऊन उभा राहिला. हुकूमच होता तसा. मान खाली घालून तो पुटपुटला की मी टॉमसिन यांडलला रागाच्या भरात जे बोललो ते खोटं होतं, आणि मी तिची माफी मागतो.

"मोठ्यानं बोला," मागच्या बाकावरून एमट म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

ऐकू तिला सगळं येत होतं. स्टकीला पुन्हा म्हणावं लागलं. टॉमसिन उठून उभी राहिली. "ऐकलं," ती म्हणाली. "माफ केलं." आणि बसली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. घर सारवून झाल्यावर बाई जशी कंबर धरून उभी राहते तशी ती दिसत होती, दमलेली.

एमटशी समेट वगैरे काही झाला नाही. डुकरिणीच्या नाकात कडी पडली, ती टॉमसिननं कुणाला न सांगता घातली. एमटनं आठवडाभरात नवीन भांडण काढलं, सफरचंदाच्या फांदीवरून. दोघींनाही त्यात बरं वाटत असावं.

पुढं काही वर्षं गेली. एमियस छप्पर पुरं करायला आला, मग डागडुजीला आला, मग कारण नसतानाही यायचा. बसायचा अंगणात, सगळ्यांना दिसेल असा. बोलायचे दोघं, कधी नुसतेच बसायचे. एके वर्षी वसंतात, जहागीरदारांची कचेरी भरली होती, दिवाणजी नावं पुकारत होते. टॉमसिन न पुकारताच उभी राहिली.

"दिवाणजी, माझ्याकडचं घर, बाग आणि कुरण मी परत देते. मी लग्न करणार आहे."

सगळ्यांच्या माना पंचांकडे वळल्या. पंचांत स्टकी बसला होता. त्याचे केस विरळ झाले होते. त्याला काय करावं कळेना. आनंद दाखवावा तर सगळे बघत होते. शेवटी म्हणाला, "टॉमसिनबाई, घाई नाही. गवत कापून न्या यंदाचं. मी थांबतो."

"गवत कापून नेईनच," ती म्हणाली. "आणि मालक, कुरणाच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं. चर दर वर्षी उपसा, नाहीतर लव्हाळा माजेल. गिल्बर्ट उपसायचा, मी उपसत आले."

स्टकीनं मान डोलावली. मला वाटतं त्याला लाज वाटली, पण ते माझं वाटणं.

बाहेर मी तिला गाठलं. खरं सांगायचं तर मी रागावलेच होते. "याचसाठी आम्ही शपथा घेतल्या? शेवटी द्यायचंच होतं तर तेव्हाच का नाही दिलंस? एवढा छळ का सोसलास?"

"तेव्हा तो खोटं बोलून मागत होता. खोट्यासाठी मी त्याला कुंपणाची एक काठीसुद्धा दिली नसती."

"आणि आता?"

"आता कुणी मागितलंच नाही." ती हसली, आणि मला पहिल्यांदाच ती लाजल्यासारखी दिसली. "तेव्हा एमियस माझा कुणी नव्हता, विल्मट. तू शपथेवर खरंच बोललीस. आता आहे."

लग्न आमच्याच चर्चमध्ये झालं. एमट आली आणि आमेनला खोकली. मीअरहॅमला एमियसचं घर लहान, पण छप्पर असं की कितीही पाऊस पडला तरी एक थेंब आत येत नाही. दोन गाई तिनं नेल्या. चीज ती पूर्वीइतकंच करते, बाजाराच्या दिवशी आम्ही भेटतो. मागच्या वेळी मी तिला विचारलं, कुरणाची आठवण येते का. ती चीज तोलत होती.

"येते," ती म्हणाली. "रोज येते. चांगलं कुरण होतं ते." आणि गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाली, "हात लावू नका हो, लावलात तर घ्यावं लागेल."